दिल्लीचा उन्हाळा आणि काचेच्या टाकीतील पाणी

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर भागातील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली आणि ती बातमी काही तासांत देशभर पोहोचली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने पुढे तपासणी केली, तेव्हा तेथील संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. त्याच दिवशी सफदरजंग या शहराच्या मुख्य वेधशाळेतील कमाल तापमान ४६.८ अंश होते. ही नोंद निर्विवाद होती, आणि त्याआधीच्या एकोणऐंशी वर्षांत तेथे इतके तापमान नोंदले गेले नव्हते.

त्या उन्हाळ्यातील सर्वांत कठीण आकडा मात्र दुपारचा नव्हता. १९ जून २०२४ रोजी सफदरजंगचे किमान तापमान ३५.२ अंश होते, म्हणजे सरासरीपेक्षा सुमारे आठ अंशांनी अधिक. रात्रच इतकी तापलेली असली की दिवसभर उष्णता साठवलेल्या भिंती, छपरे आणि पाणी यांना ती बाहेर टाकता येत नाही. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीचेही तसेच होते. दुपारी ३४ अंशांपर्यंत चढलेले पाणी पहाटेपर्यंत तीनचार अंशांनी उतरावे, या एरवीच्या क्रमावर घरगुती मत्स्यालयाचे सारे गणित उभे असते. हा क्रम ओळीने काही दिवस मोडला, तर टाकीतील मासे एकेक करून न मरता एकाच पहाटे मोठ्या संख्येने मरतात.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद या पट्ट्यात शोभिवंत मासे पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. नोकरीनिमित्त तेथे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. त्यांच्यासाठी मासे मरणे हे घरातील, विशेषतः मुलांच्या मनाला लागणारे दुःख असते. लहान विक्रेत्याची गोष्ट याहून वेगळी आहे. कोलकाता आणि चेन्नई परिसरातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यांतून आलेला माल त्याच्या दुकानात लोखंडी मांडणीवर एकावर एक ठेवलेल्या टाक्यांत सोडला जातो. उष्ण हवा वर चढत असल्याने सर्वांत वरच्या टाक्या सर्वांत आधी तापतात. एका रात्रीत त्या टाक्या गेल्या, तर त्याचे महिन्याचे उत्पन्न जाते.

मासा नेमका कशाने मरतो

पाणी तापले म्हणून मासा मेला, असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल यांसारखे उष्ण कटिबंधातील मासे २४ ते २८ अंशांत सुखाने राहतात आणि हळूहळू चढत गेलेले ३१-३२ अंश तापमान काही काळ सोसतातही. बहुतेक वेळा त्यांचा जीव घेते ती प्राणवायूची टंचाई.

मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान असते. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातील क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि प्राणवायूची गरजही जवळजवळ दुप्पट होते. नेमके याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. २४ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३४ अंशांना तो सुमारे ७.१ मिलिग्रॅमवर येतो. पुरवठ्यातील ही घट जेमतेम एकषष्ठांश आहे. खरा फरक मागणीत पडतो. त्यातच माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजवणारे जिवाणूही उष्णतेत झपाट्याने वाढतात आणि त्याच प्राणवायूत वाटा मागतात.

दुसरा धोका अमोनियाचा. पाण्यातील एकूण अमोनियाचा एक भाग निरुपद्रवी स्वरूपात आणि एक भाग विषारी, मुक्त स्वरूपात असतो. या दोहोंचे प्रमाण सामू आणि तापमान यांवर ठरते. सामू ८ असताना २५ अंशांना एकूण अमोनियापैकी सुमारे साडेपाच टक्के मुक्त असतो, तर ३५ अंशांना हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जाते. पाणी तेच, घाण तेवढीच, तरी विष मात्र जवळजवळ दुप्पट. दिल्ली परिसरातील पाणी बहुधा क्षारयुक्त व किंचित अल्कधर्मी असल्याने ही बाब तेथे अधिक लक्षात घ्यावी लागते.

प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. टाकीत वनस्पती असतील तर त्या दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री माशांप्रमाणेच तो वापरतात. म्हणून सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसू लागतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याला हे दृश्य चांगले परिचित असते. गुरामी आणि फायटर हे मासे मुळातच वरची हवा घेतात, त्यांच्याकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. गोल्डफिश किंवा गप्पी तसे करू लागले, तर मात्र थांबता येत नाही.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. पाणी थंड करण्याआधी ते हलते ठेवणे महत्त्वाचे. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. म्हणून फिल्टरचे तोंड थोडे वर उचलून पाण्याचा पृष्ठभाग सतत थरथरता ठेवावा आणि हवेचा पंप रात्रभर चालू असावा. रात्री आवाज होतो म्हणून हाच पंप बंद करण्याची सवय पुष्कळ घरांत असते. उन्हाळ्यात ती सोडावी. हवेचा पंप अवघी तीन ते पाच वॅट वीज घेतो. तो इन्व्हर्टरच्या जोडणीवर ठेवल्यास वीज गेल्यावरही टाकी तग धरते. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत तर उन्हाळ्यात सोडलेलीच बरी. ते भांडे गळ्यापर्यंत भरले की पृष्ठभाग बशीएवढा उरतो आणि मासा मात्र दुप्पट श्वास मागत असतो. दुसरे भांडे नसेल, तर निदान पाणी त्याच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच ठेवावे.

याच काळात खाद्य निम्म्यावर आणावे. दोन दिवस खाद्य न मिळाल्याने निरोगी मासा मरत नाही. फॉर्मेलिनसारखी औषधे पाण्यातील प्राणवायू आणखी घटवतात, त्यामुळे उष्णतेच्या लाटेत ती टाळलेली बरी. नवे मासे आणायचे असल्यास जून सरू द्यावा. आणणे भागच असेल, तर ते सकाळी लवकर आणि थर्माकोलच्या खोक्यातून आणावेत.

बर्फ की वारा

पाणी तापल्याचे दिसताच घरात पहिला हात जातो तो फ्रिजमधील बर्फाकडे. बर्फ नेमका किती उपयोगी आहे, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे.

शंभर लिटर पाणी ३४ अंशांवरून ३० अंशांवर आणायचे, तर त्यातून ४०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो आणि वितळलेले पाणी ३० अंशांपर्यंत येताना आणखी ३० घेते. म्हणजे एकूण ११०. हिशेबाने साडेतीन किलोंहून अधिक बर्फ लागेल, आणि खोली तापलेलीच असल्याने काही तासांत पाणी पुन्हा मूळ पदावर येईल. उलट एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. हा पाण्याचा अप्रकट उष्मा. त्याच चार अंशांसाठी जेमतेम पाऊण लिटर पाणी उडून जाणे पुरेसे आहे. एका किलो बर्फाचे काम एका पेलाभर वाफेने होते.

म्हणून संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा लहान पंखा टाकीच्या काठावर पृष्ठभागाकडे तिरपा लावणे, हा दिल्लीच्या मे महिन्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. तो तीन-चार वॅट वीज घेतो आणि पाण्याचे तापमान सहसा दोन ते चार अंशांनी उतरवतो. त्यासाठी टाकीवरील काचेचे झाकण काढावे लागते. उडी मारणाऱ्या माशांसाठी त्याजागी जाळी बसवावी. पंख्याची तार टाकीच्या काठाखाली झोळीसारखी लोंबती ठेवून मग वर प्लगकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगपर्यंत जात नाही.

या हिशेबात एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दिवसाला एक लिटर पाणी उडाले, तर त्यातून मिळणारा थंडावा सरासरीने २८ वॅटएवढा असतो. टाकीत बुडवून ठेवलेला जुना पंप २५ वॅटचा असेल, तर त्याची जवळजवळ सारी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. पंख्याने मिळवलेले पंपाने घालवले, असा तो प्रकार होतो. दिव्यांचेही तसेच. जुन्या नळ्या काढून एलईडी लावणे आणि दिवे भर दुपारऐवजी संध्याकाळी लावणे, एवढ्यानेही फरक पडतो.

बर्फ वापरायचाच असेल, तर तो घट्ट बंद बाटलीत गोठवावा आणि बाटली पाण्यात तरंगत सोडावी. गोठताना पाणी फुगते, म्हणून बाटली पूर्ण भरू नये. नळाच्या पाण्याचे खडे थेट टाकल्यास क्लोरीनही टाकीत जाते. पाण्याचे तापमान तासाला एका अंशाहून अधिक वेगाने उतरवू नये. हळूहळू चढलेली उष्णता सोसलेला मासा अचानक आलेल्या गारठ्याने खचतो आणि अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग बहुधा अशाच धक्क्यानंतर उद्भवतो. घाबरून ओतलेल्या बर्फाने मेलेल्या माशांचा दोष पुष्कळदा उन्हाळ्याच्या माथी मारला जातो.

मुंगेशपूरच्या संवेदकाची गोष्ट येथेही लागू पडते. काचेवर बाहेरून चिकटवण्याच्या पट्टीवर खोलीच्या तापमानाचाही परिणाम होतो. पाण्यात बुडणारा साधा तापमापक घेऊन तो एकदा दुसऱ्या खात्रीच्या तापमापकाशी पडताळून पाहावा.

लू आणि ओले फडके

दिल्लीकरांना हे तत्त्व नवे नाही. दारांवर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत या शहरात फार जुनी आहे. आजचा कूलर हे त्याच पडद्याचे पंखा जोडलेले रूप. भाजीपाल्यासाठीही हेच तत्त्व वापरले गेले आहे. नवी दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. विटांच्या दोन भिंती, त्यांच्या मधल्या पोकळीत ओली वाळू आणि वर सावली, एवढीच त्याची रचना. विजेविना आतील तापमान भर उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकते. महाराष्ट्रातही फळे-भाज्या ठेवण्यासाठी त्याचा प्रसार झाला. मत्स्यालयावरचा पंखा या शीतकक्षाचा धाकटा भाऊ म्हणता येईल.

बाष्पीभवनाने पाणी किती थंड होऊ शकते, याला मात्र एक तळ असतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरला, तर तो जेथे स्थिरावतो तो हा तळ. हवा कोरडी असेल तितका तो खाली जातो. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना, म्हणजे लू वाहते तेव्हा, ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. घरातील टाकी तिथवर कधीच पोहोचत नाही, पण त्या दिशेने तिला बराच वाव असतो. आता रात्रीचे पाहू. ३५ अंश तापमान आणि ३५ टक्के आर्द्रता असलेल्या रात्रीही ओल्या फडक्याचे तापमान जवळजवळ तेच, सुमारे २३ अंश येते. हवा दिवसा कितीही तापो आणि रात्री कितीही कमी निवो, हा तळ त्यामानाने फारसा हलत नाही. १९ जूनसारख्या रात्री, जेव्हा नुसत्या हवेने टाकी थंड होण्याची आशाच नव्हती, तेव्हाही हवा कोरडी असेतोवर पंखा आपले काम करू शकत होता. पंखा दुपारीच लावून रात्री बंद करणे म्हणूनच चुकीचे; तो रात्रंदिवस चालवावा.

कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवावी की नाही, याबद्दल मतभेद आढळतात. दमट हवेत पंख्याचा उपयोग होणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण कूलरमधून जाताना हवा जितकी दमट होते तितकीच ती थंडही होते आणि ओल्या फडक्याचे तापमान जवळजवळ तेच राहते. त्यामुळे खिडकी उघडी असेल आणि कूलर बाहेरची कोरडी हवा ओढत असेल, तर टाकीचा फायदाच होतो. बंद खोलीत तीच हवा फिरवणारा कूलर मात्र माणसालाही उपयोगी नाही आणि माशालाही. कूलरच्या पाण्यात डासांच्या अळ्यांसाठी औषध टाकले असेल, तर त्याचे तुषार टाकीवर उडणार नाहीत इतके अंतर ठेवावे.

वातानुकूलित खोलीतील अडचण निराळी आहे. रात्री २६ अंश आणि दिवसभर यंत्र बंद, अशा घरात लहान टाकीचे तापमान रोज चार-पाच अंशांनी वरखाली होते. स्थिर ३० अंश माशाला त्याहून बरे. टाकी जितकी मोठी तितका हा हेलकावा लहान. वीस लिटरची टाकी दुपारभरात तापते, दोनशे लिटरच्या टाकीला दिवस जातो. उंच इमारतींतील वरच्या मजल्यांवर आणि पश्चिमेकडील खोल्यांत काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे टाकी त्या भिंतीपासून दूर, शक्य तर घराच्या मध्यभागी असावी. उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच, मार्चमध्ये ती हलवावी. भरलेली टाकी मे महिन्यात हलवणे माशांनाही नको आणि पाठीलाही नको.

हे सारे कोरड्या हवेच्या प्रदेशाला लागू आहे. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगाव येथील वाचकांना दिल्लीचा हा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडेल. मुंबईत आणि कोकणात मात्र नाही. तेथे मे महिन्यात हवा ३४ अंशांचीच असते, पण आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असल्याने ओले फडके २८-२९ अंशांखाली उतरत नाही. कमी तापलेल्या शहरात पंखा कमी उपयोगी पडतो, हे प्रथम चमत्कारिक वाटते.

उडालेले पाणी भरताना

पंखा लावल्यावर दिवसाला एक ते दोन लिटर पाणी उडते. वाफ शुद्ध पाण्याची होते आणि क्षार टाकीतच राहतात. रोज दोन लिटर याप्रमाणे महिन्यात साठ लिटर पाणी भरावे लागले, आणि त्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असले, तर शंभर लिटरच्या टाकीत महिन्याला ३६ ग्रॅम क्षारांची भर पडते. ६०० ने सुरू झालेली टाकी जूनच्या अखेरीस ९६० वर जाते. मासे थंड राहतात, पण हळूहळू खाऱ्या पाण्यात पोहू लागतात.

म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्याने घालावी. संपूर्ण पाणीबदल मात्र केवळ आरओच्या पाण्याने करू नये, कारण त्यात सामू स्थिर ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी दिल्लीच्या घरांत बादल्या भरून साठते आणि ते वापरण्याचा मोह होतो. त्यात मूळ पाण्यातील क्षार अधिकच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला ठीक, टाकीसाठी नाही. गच्चीवरील काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतील पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. पाणीबदल करायचा असल्यास रात्री बादली भरून घरात ठेवावी, क्लोरीन जाण्यासाठी त्यात हवेचा दगड सोडावा किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे आणि सकाळी एकचतुर्थांश पाणी बदलावे.

वीज काही तास गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरकडे विशेष लक्ष द्यावे. त्यातील उपयुक्त जिवाणूही प्राणवायूवर जगतात. उष्णतेत ते लवकर मरतात आणि आतील पाणी नासते. वीज आल्यावर फिल्टर तसाच सुरू केला, तर ते नासलेले पाणी थेट टाकीत जाते. आधी ते ओतून टाकावे, माध्यम टाकीतल्याच पाण्यात खंगाळून घ्यावे, मग फिल्टर सुरू करावा.

क्षार, उष्णता आणि रात्रीचा प्राणवायू हे त्रिकूट केवळ दिवाणखान्यापुरते नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या रोहतक जिल्ह्यात लाहली येथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. वर्सोव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेली, सागरकिनाऱ्यावरची ही संस्था समुद्रापासून इतक्या दूर हरियाणात पोहोचली, ती तेथील खाऱ्या भूजलामुळे. शेतीला निरुपयोगी ठरलेल्या त्या पाण्यात कोळंबी वाढवता येते, हे या केंद्राच्या कामातून पुढे आले. त्या तळ्यांतही उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षारता चढते आणि पहाटेच्या प्राणवायूसाठी वल्ह्यांची वातन यंत्रे रात्री चालवावी लागतात. शंभर लिटरची टाकी ही त्या तळ्याचीच छोटी प्रतिकृती आहे. फरक इतकाच, की तळ्यात चुकीला सावरायला काही तास मिळतात.

पाऊस आल्यावर

दिल्लीत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख २७ जून. २०२४ मध्ये तो २८ जूनला आला आणि सफदरजंग येथे चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर कोसळला. रस्ते पाण्याखाली गेले, तरी लोकांनी उकाडा संपल्याचा सुस्कारा सोडला. मत्स्यपालकाने मात्र याच दिवसापासून अधिक सावध व्हावे.

कारण ओले फडके. जुलैत ३५ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना त्याचे तापमान ३१ अंश येते. म्हणजे पंखा कितीही चालवला, तरी टाकी ३१ अंशांखाली जाणे शक्य नाही, आणि प्रत्यक्षात ती ३२-३३ वरच राहते. मे महिन्यात ४४ अंशांच्या झळांत जी टाकी २९ अंशांवर होती, तीच जुलैच्या ढगाळ दुपारी त्याहून गरम असू शकते. कूलर जुलैत निरुपयोगी का होतो, हे दिल्लीतील प्रत्येक घराला ठाऊक असते. टाकीवरच्या पंख्यालाही तोच नियम लागू आहे, हे बहुधा मासे वर येऊ लागल्यावर लक्षात येते.

या काळात भिस्त ठेवायची ती हलत्या पाण्यावर, कमी खाद्यावर आणि कमी माशांवर. टाकीत दाटी असेल तर काही मासे पाऊस सुरू होण्यापूर्वीच ओळखीच्या घरी किंवा विक्रेत्याकडे द्यावेत. पृष्ठभाग हलवण्यासाठी पंखा चालू ठेवण्यास हरकत नाही, पण थंडाव्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. जेथे शक्य आहे तेथे वातानुकूलन हाच जुलै-ऑगस्टचा खरा उपाय, आणि तोही ठराविक तापमानावर दीर्घकाळ चालवलेला.

पाणी थंड करण्याचे शीतयंत्र, म्हणजेच चिलर, बाजारात मिळते. ते पाण्यातील उष्णता काढून त्याच खोलीत सोडते, त्यामुळे बंद खोलीत ते ठेवल्यास खोली अधिक तापते आणि यंत्राला अधिक राबावे लागते. सागरी माशांची आणि प्रवाळांची टाकी असेल तर त्याला पर्याय नाही. प्रवाळांना ३० अंशांवरील पाणी फार दिवस सोसत नाही. गोड्या पाण्यातील साध्या टाकीसाठी इतका खर्च करण्यापूर्वी मासे कोणते ठेवले आहेत, याचा विचार अधिक उपयोगी पडतो.

दिल्लीच्या घरांतील सर्वांत आवडता मासा गोल्डफिश, आणि तोच या हवामानाला सर्वांत कमी योग्य. तो मूळचा चीनमधील थंड पाण्याचा मासा. १८ ते २२ अंशांत तो रमतो, मोठा होतो, भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. निऑन टेट्रालाही २६ अंशांवर सुख नाही. सह्याद्रीतील वाहत्या, गार ओढ्यांत राहणारा डेनिसन बार्ब, ज्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये सह्याद्रिया असेच नाव देण्यात आले, तो तर निसर्गातच संकटग्रस्त आहे. दिल्लीच्या टाकीत त्याला आणण्यात शहाणपण नाही. गुरामी, फायटर, मॉली, गप्पी हे मासे या हवेत अधिक टिकतात. २८-३० अंशांचे पाणी मागणारा डिस्कस उष्णतेपुरता तगेल, पण त्याला लागणारे मऊ आणि अतिशय स्वच्छ पाणी दिल्लीत राखणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस परततो, हवा पुन्हा कोरडी होते आणि पंख्याचा गुण परत येतो. तो आणखी काही आठवडे चालवावा लागतो. त्यानंतर तो काढून, पुसून, कोरड्या जागी ठेवून द्यावा आणि उन्हाळाभर साचलेल्या क्षारांसाठी टाकीतील पाणी तीन-चार आठवड्यांत थोडेथोडे करून बदलून घ्यावे. नोव्हेंबर उजाडताच त्याच टाकीला हीटर लावायची वेळ येते.